लहानपणचा देव आणि पूर्वजांचे देव

मनुष्याला आईचें दूध, आईची भाषा आणि आईचा देव या तीन गोष्टी न मागतां मिळतात. पहिली लौकरच सुटते; दुसरी सहसा मरेपर्यंत सुटत नाहीं; तिसरीचें मात्र कांहीं निश्चित सांगतां येत नाहीं. पुष्कळ लोक ती जशी मिळाली तशी पुढच्या पिढीच्या ओंजळींत घालतात, कित्येक जण मनांतून न मानतांही ती निमूटपणें वागवितात, आणि थोडे असेही निघतात कीं, जे ती खालीं ठेवून दुसऱ्या वाटेला लागतात. या दुसऱ्या वाटेच्या लोकांविषयीं आपण घरोघर जें बोलतों तें बहुधा रागानें तरी बोलतों किंवा कौतुकानें तरी; विचारानें क्वचितच बोलतों. म्हणून या महिन्यांत अशा लोकांचा एक निराळाच वर्ग वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. हे लोक युरोप-अमेरिकेंतील होत. बहुतेक ख्रिस्ती आणि क्वचित् यहुदी कुळांत ते जन्मले; पुढें मात्र ते कोणत्याही नव्या प्रेषिताकडे न जातां, ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीं युरोपांत ज्या देवदेवतांची पूजा चाले त्यांच्याकडे वळले.

अशा लोकांना इंग्रजींत 'पेगन' म्हणतात. हा शब्द लॅटिन 'पागानुस' यावरून आला; 'पागुस' म्हणजे खेडेगांवांचा टापू आणि 'पागानुस' म्हणजे खेडवळ. नवा धर्म आधीं शहरांत पसरला आणि जुने देव खेड्यापाड्यांत मागें राहिले, म्हणून हें नांव पडलें अशी एक उपपत्ति आहे. दुसरे पंडित म्हणतात कीं, शिपाई नव्हे तो, म्हणजे ख्रिस्ताच्या सैन्यांत न शिरलेला, असा त्याचा अर्थ. कोणतीही उपपत्ति घेतली तरी तें नांव दुसऱ्यांनीं ठेविलेलें, आणि तेंही तुच्छतेनें. आपल्या साहित्यशास्त्रांत 'ग्राम्य' हा जसा दोषवाचक शब्द आहे, तसाच हा. विशेष हा कीं, आज पश्चिमेकडील कित्येक सुशिक्षित लोक तेंच नांव अभिमानानें स्वतःला लावून घेतात.

या वाटेनें गेलेल्यांत सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे रोमचा बादशहा ज्युलिअन. ख्रिस्ती इतिहासकारांनीं त्याला 'धर्मभ्रष्ट' ही पदवी दिली आणि ती त्याच्या नांवाला कायमची चिकटली. परंतु त्याच्या बालपणाची हकीकत जो वाचील त्याला ही पदवी फार घाईनें दिलेली वाटेल.

ज्युलिअनचा जन्म इ. स. 331 च्या सुमारास कॉन्स्टॅन्टिनोपल येथें झाला. ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणारा कॉन्स्टन्टाइन बादशहा हा त्याचा सख्खा नव्हे, तरी बापाकडून चुलता. आई बॅसिलिना त्याच्या जन्मानंतर थोड्याच महिन्यांत वारली. 337 सालीं कॉन्स्टन्टाइन मरण पावला, आणि गादीला वांटेकरी नकोत म्हणून राजधानींत शिपायांनीं राजकुळांतील पुरुषांची कत्तल केली. ज्युलिअनचा बाप, थोरला सावत्र भाऊ, चुलता आणि कित्येक चुलतभाऊ तींत मारले गेले. तो स्वतः सहा वर्षांचें पोर म्हणून आणि दुसरा सावत्र भाऊ गॅलस आजारी म्हणून वांचले. या कत्तलीचा दोष ज्युलिअननें पुढें आपला चुलतभाऊ कॉन्स्टॅन्शिअस याच्या माथीं मारला. हा कॉन्स्टॅन्शिअस आतां बादशहा होता, मोठा धर्मनिष्ठ म्हणवीत होता, आणि या दोन पोरक्या मुलांचें धर्मशिक्षणही त्याच्याच हुकमानें चाललें होतें. ज्या हातांवर बापाचें रक्त दिसतें त्याच हातांनीं दिलेलें शास्त्र मुलानें कोणत्या मनानें घ्यावें?

अशा स्थितींत त्याला एक शिक्षक लाभला. मार्डोनिअस हा खोजा गुलाम. त्यानें पूर्वीं ज्युलिअनच्या आईला होमर व हेसिअड शिकविले होते. आईचा शिक्षक मुलाला मिळाला. रस्त्यानें जातांना मान खालीं घालून चालावें, नाटकशाळेकडे धांवूं नये, अशी त्याची शिस्त कडक होती. मुलानें रथांच्या शर्यतींचा हट्ट धरला तर तो म्हणे, होमरमध्यें उत्कृष्ट शर्यतीचें वर्णन आहे, तें काढून वाच. ही हकीकत ज्युलिअननें स्वतः उतारवयांत, म्हणजे त्याच्या मानानें उतारवयांत, तिसाव्या वर्षानंतर लिहून ठेविली आहे. आई आठवत नव्हती, बाप मारला गेला होता; त्या घरांतलें जें कांहीं उरलें होतें तें होमरच्या पोथींतून त्याच्या हातीं आलें. पुढें होमरच्या देवांविषयीं त्याला जी ओढ वाटली तिचें मूळ तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत शोधण्यापूर्वीं या पोथींत शोधावें, असें मला वाटतें.

पुढें त्याला व गॅलसला कॅपॅडोशिया प्रांतांतील मॅकेलम येथील एका राजवाड्यांत सहा वर्षें जवळजवळ नजरकैदेंत ठेविलें. बरोबरीचा कोणी सोबती नाहीं. खेळावयाचें तर गुलामांबरोबर. तेथें त्यांनीं बायबलाचा अभ्यास केला, आणि दोघांना चर्चमध्यें धर्मग्रंथ वाचून दाखविण्याचा अधिकारही मिळाला. पुढच्या ख्रिस्ती लेखकांनीं अशी एक आख्यायिका सांगितली आहे कीं, दोघे भाऊ एका हुतात्म्याच्या समाधीवर मंदिर बांधूं लागले तेव्हां गॅलसचा भाग उभा राहिला आणि ज्युलिअनचा भाग पुनःपुन्हां ढांसळला. आख्यायिका मागाहून रचलेली असावी हें उघड आहे. पण ज्युलिअन त्या काळीं चर्चच्या कामांत होता एवढें तीवरूनही ठरतें.

निकोमीडिया येथें शिकत असतांना लिबॅनिअस नांवाच्या प्रसिद्ध पेगन वक्त्याच्या वर्गास जाण्याची त्याला बंदी होती. त्यानें काय करावें? पैसे देऊन त्या व्याख्यानांचीं टिपणें रोजच्या रोज आणवून घेतलीं व घरीं वाचलीं. ज्यांनीं जन्मभर वर्ग चालविले आहेत त्यांना हें वाचून हंसूं आल्याशिवाय राहणार नाहीं. ज्या वर्गाला मुद्दाम बसविलें जातें तेथें मुलें पेंगतात, आणि ज्या वर्गाची बंदी आहे त्याचीं टिपणें पदरचे पैसे टाकून मिळवितात!

तेथून तो पर्गमम येथें वृद्ध तत्त्वज्ञ एडेसिअस याच्या शिष्यमंडळींत गेला. त्यांतील युसेबिअस नांवाच्या एका शिष्यानें त्याला बजावलें कीं, मॅक्सिमस नांवाचा आमचा एक गुरुबंधु आहे. त्यानें देवळांत धूप जाळून व स्तोत्र म्हणून हेकेटी देवीच्या मूर्तीला हंसविलें आणि तिच्या हातांतील मशाली पेटविल्या. पण तूं अशा चमत्कारांना भुलूं नकोस, बुद्धीनें होणारी शुद्धि हीच खरी. ज्युलिअननें तें ऐकून घेतलें, तुम्ही आपल्या ग्रंथांतच राहा असें त्याला सांगितलें, आणि तो तडक मॅक्सिमसचा पत्ता काढीत इफेससला गेला! तरुणपणीं अन्नापेक्षां फोडणीचा वास अधिक ओढतो, त्याला रोमचा राजपुत्रही अपवाद नाहीं. विसाव्या वर्षापर्यंत आपण ख्रिस्ती मार्गानें चाललों आणि नंतर देवांकडे वळलों, असें त्यानें पुढें एका पत्रांत स्वतःच नमूद केलें आहे.

येथपर्यंतची हकीकत कोणत्याही विचारी तरुणाची होऊं शकेल. विलक्षण भाग पुढेंच आहे. गॅलसला बादशहानें 354 सालीं ठार केलें. ज्युलिअन उरला, तो केवळ गप्प राहिला म्हणून. सुमारें दहा वर्षें त्यानें आपला पालट लपवून ठेविला. 355 सालीं त्याला 'सीझर' ही पदवी देऊन गॉलमध्यें, म्हणजे आजच्या फ्रान्समध्यें, पाठविलें. 357 सालीं स्ट्रासबर्गजवळ त्यानें जर्मन टोळ्यांचा मोठा पराभव केला. 360 सालीं पॅरिस येथें सैन्यानें त्याला बादशहा म्हणून ढालेवर उचललें. तरीही 361 च्या जानेवारींत तो व्हिएन गांवच्या चर्चमध्यें जाऊन सणाची प्रार्थना म्हणत होता. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत कॉन्स्टॅन्शिअस वारला, आणि तेव्हांच ज्युलिअननें आपले देव उघडपणें पुजले.

ज्याला दहा वर्षें तोंड मिटून राहावें लागलें त्यानें राज्यावर येतांच काय करावें? प्रथम त्यानें चांगलें केलें. सर्वांना आपापला धर्म पाळण्याची मोकळीक दिली; हद्दपार झालेल्या निरनिराळ्या पंथांच्या बिशपांनाही परत बोलाविलें. हे बिशप आपसांतच भांडतील असा त्याचा मतलब होता असें त्याचा इतिहासकार अमिएनस सांगतो, असो. परंतु 362 च्या जूनमध्यें त्यानें शिक्षकांसंबंधीं जो हुकूम काढला त्यानें त्याच्या कीर्तीला कायमचा डाग लागला. हुकमांत शिक्षक शीलवान् असावा एवढेंच होतें. पण पत्रांतून त्यानें अर्थ स्पष्ट केला कीं, होमरच्या देवांवर ज्याचा विश्वास नाहीं त्यानें होमर शिकवूं नये. ख्रिस्ती शिक्षकांनीं चर्चमध्यें जाऊन आपले धर्मग्रंथ सांगत बसावें. अमिएनस स्वतः पेगन होता व ज्युलिअनचा चाहता होता. तरी या हुकमाचा त्यानें कडक निषेध केला आहे. अथेन्समध्यें प्रोएरेसिअस नांवाचा वृद्ध ख्रिस्ती वक्ता शिकवीत असे. ज्युलिअन एके काळीं अथेन्सला विद्यार्थी होता, म्हणून त्यानें याला या हुकमांतून वगळलें. म्हाताऱ्यानें ती सवलत नाकारली आणि जागा सोडली. उलट हेकेबोलिअस नांवाचा ज्युलिअनचाच एक जुना शिक्षक पाहा. कॉन्स्टॅन्शिअसच्या राज्यांत तो कडवा ख्रिस्ती, ज्युलिअनच्या राज्यांत कडवा पेगन, आणि ज्युलिअन मेल्यावर चर्चच्या दाराशीं लोळण घेऊन मला तुडवून जा म्हणून ओरडणारा पश्चात्तापी! सक्तीनें प्रोएरेसिअससारखे गमावतात आणि हेकेबोलिअससारखे मिळतात, हा हिशेब प्रत्येक राजानें आणि प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला या हुकमाची चूक विशेष टोंचते. कालिदास शिकविण्यासाठीं शिवभक्त असण्याची अट घातली असती, तर मुसलमान कुळांत जन्मून जन्मभर संस्कृताची सेवा करणारे सोलापूर जिल्ह्यांतील पंडित गुलाम दस्तगीर बिराजदार आपल्याला कोठून लाभते? विद्येला ओंवळेंसोंवळें लाविलें कीं, आधीं विद्या जाते आणि मागून सोंवळेंही जातें.

आतां ज्युलिअनच्या चरित्रांतील जो प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो तो सांगतों. 362 सालीं तो सीरियांतील अँटिऑक शहरीं राहिला होता. जवळच डॅफ्ने येथें अपोलोचें प्रसिद्ध मंदिर होतें आणि त्याचा वार्षिक उत्सव आला. ज्युलिअननें मनांत सारें चित्र रंगविलें होतें: शुभ्र वस्त्रें ल्यालेले तरुण, धूप, नैवेद्य, बळीचे पशु, स्तोत्रगान. तो लगबगीनें मंदिरांत गेला, तों तेथें धूप नाहीं, नैवेद्याची एक पोळी नाहीं, एकही पशु नाहीं. शहरानें देवासाठीं काय आणलें आहे असें त्यानें विचारलें. पुजारी म्हणाला, शहरानें कांहीं दिलें नाहीं. मीं मात्र घरून एक हंसपक्षी आणला आहे.

हा प्रसंग ज्युलिअननें स्वतःच लिहिला आहे. रागाच्या भरांत त्यानें नगरसभेला सुनावलें कीं, तुमच्या बायका घरांतलें सारें उचलून ख्रिस्ती लोकांच्या हातीं देतात आणि त्यांतून ते गोरगरिबांना जेवूं घालतात. आपल्या देवाला मात्र कोणी कांहीं देत नाहीं. हें बोलणें रागाचें असलें तरी त्यांत वर्म आलें आहे. गॅलेशियाच्या मुख्य पुजाऱ्याला लिहिलेल्या त्याच्या नांवावरील पत्रांतही हेंच आहे. ख्रिस्ती लोक परक्यांचा पाहुणचार करितात, मृतांची मूठमाती नीट करितात, आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात. तेव्हां तुम्हीही गांवोगांव धर्मशाळा बांधा, असें सांगून त्यासाठीं त्यानें धान्य व मद्य नेमून दिलें. हुकमानें धान्य देतां येतें, देवळें उघडतां येतात, पुजारी नेमतां येतात. परंतु ज्या स्वयंपाकघरांतून नैवेद्य निघावयाचा तें हुकमानें फिरत नाहीं. ज्युलिअनचा धर्म पोथींतून आलेला होता. आजीच्या हाताला धरून तो कधीं देवळांत गेला नव्हता. म्हणून देवळांत काय असावें हें त्याला तोंडपाठ होतें, आणि काय आहे हें पाहून तो चकित झाला. इराणच्या स्वारींत 363 च्या 26 जून रोजीं भाल्याची जखम होऊन तो मरण पावला. त्याचें राज्य अवघें वीस महिन्यांचें. त्याच्यामागून आलेला बादशहा ख्रिस्ती होता.

ज्युलिअननंतरच्या दीर्घ काळांतून एकदम आपल्या काळाकडे येऊं. विसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेंत ही वाट पुन्हां रुळूं लागली. अमेरिकेंत मार्गो ॲडलर नांवाच्या एक बाई होत्या. 1946 सालीं जन्मल्या व 2014 सालीं वारल्या. व्यवसायानें त्या नभोवाणीवरील वार्ताहर. प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर हे त्यांचे आजोबा. आजोबांनीं 1904 सालीं यहुदी धर्म सोडून प्रॉटेस्टंट पंथ घेतला होता. नातीच्या घरीं धर्माचरण असें फारसें नव्हतेंच. लहानपणीं शाळेंत ग्रीसच्या पुराणकथा अभ्यासतांना या मुलीला आर्टेमिस व अथीना या देवतांनीं वेड लाविलें. त्यांची पूजा करावी असें नव्हे, तर आपणच त्या व्हावें असें तिला वाटे. मोठेपणीं त्या या पंथांत शिरल्या, आणि 1979 सालीं त्यांनीं अमेरिकेंतील पेगन लोकांच्या मुलाखती घेऊन एक मोठें पुस्तक लिहिलें. त्यांत त्यांना पुनःपुन्हां एकच उत्तर मिळालें: आमचें धर्मांतर झालेलें नाहीं, आम्ही घरीं परत आलों, मनांत जें आधींच होतें त्याला आतां नांव मिळालें.

हें उत्तर गोड आहे, परंतु त्याला एक प्रामाणिक पुरवणी जोडली पाहिजे. ज्या घरीं हे लोक परत आले म्हणतात तें घर हजार, दीड हजार वर्षें बंद होतें. परंपरा तुटली ती तुटली. इंग्लंडांत जेराल्ड गार्डनर यांनीं 1954 सालीं पुस्तक लिहून ज्या 'विक्का' पंथाला प्रसिद्धि दिली, तो अतिप्राचीन असल्याची त्यांची समजूत होती. रोनल्ड हटन या इतिहासकारानें 1999 सालीं सप्रमाण दाखविलें कीं, त्याची घडण आधुनिक आहे. आश्चर्य हें कीं, या शोधानें तो पंथ मोडला नाहीं. कित्येक अनुयायांनीं तें मान्य करून आपली उपासना पुढें चालविली. नवें घर बांधून त्याला नवें म्हणण्यांत लाज नाहीं. नव्या घराला वाडवडिलांचा वाडा म्हणून मिरविण्यांत मात्र आहे.

परंपरेचा धागा थोडासा तरी उरला असेल तर काय होतें याचीं दोन उदाहरणें उत्तर युरोपांत आहेत. पहिलें आइसलंडचें. तेथें सुमारें 1000 सालीं लोकसभेंत जुना धर्म कीं नवा यावर यादवी होण्याची वेळ आली. निवाडा थोर्गेर नांवाच्या पुढाऱ्यावर सोंपविला. तो स्वतः जुन्या धर्माचा. तो एक दिवस व एक रात्र अंगावर पांघरूण ओढून निश्चल पडून राहिला, आणि उठून म्हणाला कीं, देशाचा कायदा एकच असावा, म्हणून सर्वांनीं ख्रिस्ती व्हावें. घरांत गुप्तपणें जुनी पूजा केली तर गुन्हा नाहीं. ती मुभा लौकरच गेली. परंतु जुन्या देवांच्या कथा लोकांनीं ख्रिस्ती होऊनही चामड्याच्या पानांवर लिहून जपल्या. त्या कथांच्या आधारानें 1972 च्या एप्रिलमध्यें, तेथील पंचांगाच्या उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशीं, स्वेनब्योर्न बेंटेन्सन या शेतकरी कवीनें मूठभर मित्रांना घेऊन जुन्या देवांची सभा स्थापिली. 1924 सालीं जन्मलेला हा गृहस्थ जुन्या वृत्तांत पद्यें रचीत व म्हणत असे. मंत्रिमहाशयांना प्रथम ही थट्टा वाटली. ही मंडळी कचेरींतून बाहेर पडतांच वीज कडाडून शहरांतले दिवे गेले, अशी गोष्ट तेथें अजून सांगतात. 1973 सालीं सरकारी मान्यता मिळाली. चार लाखांहून कमी वस्तीच्या त्या देशांत आज या सभेचे सभासद पांच हजारांवर आहेत, आणि सभा कोणाच्या दारीं प्रचाराला जात नाहीं.

दुसरें उदाहरण लिथुआनियाचें; तें संस्कृतज्ञांना विशेष जवळचें. तेथें देवाला 'दिएवास', अग्नीला 'उग्निस', पुत्राला 'सूनुस' आणि मेंढीला 'अविस' म्हणतात. आपले देव, अग्नि, सूनु आणि अवि यांची आठवण द्यावयास कोश उघडावा लागत नाहीं. युरोपांत अगदीं शेवटीं, 1387 सालीं, या देशानें राजाज्ञेनें ख्रिस्ती धर्म घेतला. परंतु खेड्यांतील बायका रात्रीं चुलीतले निखारे राखेनें झांकतांना 'गाबिया' या अग्निदेवतेला नीज म्हणून विनवीत, ती चाल कित्येक शतकें टिकली. लोकगीतांचे व लोकरीतींचे अभ्यासक योनास त्रिंकूनास (1939–2014) यांनीं सोव्हिएट अंमलांत, 1967 सालीं, केर्नावे येथें उन्हाळ्यांतील दीर्घतम दिवसाचा जुना उत्सव मित्रांसह उघडपणें साजरा केला. 1973 सालीं त्यांना विद्यापीठांतून काढण्यांत आलें. देश स्वतंत्र झाल्यावर 1992 सालीं त्यांच्या 'रोमुवा' पंथाची नोंद झाली. पूर्ण मान्यता मात्र तेथील लोकसभेनें नाकारली, तेव्हां प्रकरण स्ट्रासबर्गच्या मानवी हक्कांच्या न्यायालयांत गेलें. ज्या गांवाजवळ ज्युलिअननें 357 सालीं आपलें मन लपवून लढाई जिंकली, त्याच गांवीं 8 जून 2021 रोजीं या पंथाच्या बाजूनें निकाल लागला. 2024 च्या डिसेंबरांत लोकसभेनेंही मान्यता दिली.

हें सर्व वाचून आमच्यांतील कित्येकांना हर्ष होईल कीं, पाहा, पश्चिमेकडील लोकही शेवटीं मूर्तीकडे आणि अग्नीकडे वळले. हा हर्ष थोडा आवरावा. ते आपल्या देवळांत आलेले नाहींत. ते त्यांच्या देवळांत गेले आहेत. आणि ज्यांनीं तुटलेला धागा गांठ मारून जोडला त्यांच्याकडे पाहून, ज्यांचा धागा तुटलेला नाहीं त्यांनीं आपला धागा किती झिजला आहे हें तपासावें. व्रताची कहाणी कोणी ऐकत नाहीं, संकल्पाचा अर्थ कोणी विचारीत नाहीं, नैवेद्याचें ताट बाजारांतून येतें, आणि सारा विधि घड्याळाकडे पाहून उरकला जातो. अशा घरीं एखाद्या दिवशीं गुरुजींनाच दूर्वा, समिधा आणि नैवेद्य आपल्या घरून आणावे लागतील. डॅफ्नेच्या पुजाऱ्याचा हंसपक्षी फार दूर नाहीं.

आणखी एक प्रश्न याहून अवघड आहे, आणि तो एकत्र कुटुंबांत आज ना उद्यां उठतोच. आपल्याच घरांतील मुलगा किंवा सून म्हणते, माझा यावर विश्वास नाहीं. मग श्राद्धाला बसावयाचें कोणीं? कुळाचार चालवावयाचा कोणीं? वडील माणसांच्या पोटांत त्या वेळीं जें तुटतें तें खरें असतें. त्याला कोणी हंसूं नये. पण ज्युलिअनचें चरित्र येथें उपयोगी पडतें. त्याला धर्म सोडावासा वाटला हें त्याच्या घराचें सर्वांत मोठें नुकसान नव्हे; दहा वर्षें त्याला तें कोणापाशीं बोलतां आलें नाहीं, हें होय. त्या दहा वर्षांत त्याच्या मनांत जें सांठलें तेंच पुढें शिक्षकांवरील हुकूम होऊन बाहेर पडलें. ज्याला घरांत खोटें वागावें लागतें तो सत्ता हातीं आल्यावर दुसऱ्यांनाही मोकळें बोलूं देत नाहीं.

याच्या उलट उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांतलें आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनीं 1895 सालीं ख्रिस्ती धर्म घेतला. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळलें. कित्येक वर्षें त्या वेगळ्या राहिल्या. मग नवऱ्याकडे गेल्या त्याही आपला धर्म व आपली चूल संभाळून. पुढें 1900 सालीं त्यांनीं स्वतःच्या विचारानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा निर्णय आपल्याला पटो वा न पटो, 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्या कोणासही त्या बाईंच्या मनाचा खरेपणा जाणवल्याशिवाय राहत नाहीं. एका छपराखालीं दोन चुली चालल्या, पण बोलणें बंद झालें नाहीं.

तेव्हां वडील मंडळींना माझें सांगणें थोडक्यांत असें. मुलगा नको म्हणाला तर त्याला पाटावर दाबून बसवूं नये. ज्याची श्रद्धा आहे त्यानें, मग तो धाकटा असो, पुतण्या असो किंवा लेक असो, पुढें व्हावें. नको म्हणणाऱ्यानेंही त्या दिवशीं घराबाहेर निघून न जातां पाणी भरावें, पानें वाढावीं, आलेल्या ब्राह्मणाला आणि भिकाऱ्याला सारख्याच आदरानें जेवूं घालावें. एवढ्यानें त्याच्या मताला बाध येत नाहीं आणि आजोबांचें स्मरणही होतें. तो काय वाचतो हें त्याच्यापासून हिसकावून घेऊं नये, तर त्याच्याजवळ बसून वाचावें. आणि आपण ज्याला धर्म म्हणतों तो आपल्या वागण्यांत त्याला दिसतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. कारण कॉन्स्टॅन्शिअसनें नेमलेल्या सर्व धर्मोपदेशकांपेक्षां कॉन्स्टॅन्शिअसचें वागणेंच त्या मुलाला अधिक मोठ्यानें ऐकूं आलें. तरुणांना एवढेंच सांगतों कीं, सोडावयाचें तें उघडपणें सोडा, धरावयाचें तें समजून धरा, आणि जुनें घर सोडतांना तेथील म्हाताऱ्यांशीं बोलणें सोडूं नका. देव कोणता पुजावा हें ज्याचें त्यानें ठरवावें. रात्रीं सर्वांनीं एका पंक्तीला जेवावें, हें मात्र सर्वांनीं मिळून ठरवितां येतें.